माहीत नाही म्हणायची शिकवणी

सन दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं सरत आलं होतं, आणि तोवरच्या आयुष्यात मी कुणाच्या तोंडावर ‘मला माहीत नाही’ म्हणालो असेन, तर पुढं येऊन सांगावं. मी मिशी उतरवीन.

यात बढाई नाही. आमच्या घराण्यात ती रीतच नाही. माणूस काहीतरी विचारायला दारात येतो तेव्हा त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? शाळा चौथीपर्यंतच झाली, पण सल्ला द्यायला चौथी पुरते. मखमलाबादच्या पुढं आमचा मळा, त्यात झेंडू. पंचवटीतल्या फुलबाजारात रोज सकाळी आमच्याच शिवारातला एक झेंडूवाला माझ्याशेजारी बसतो आणि रोज तेच विचारतो, “आबा, उद्या झेंडू चढंल का उतरंल?” मी सांगतो. बहुतेक वेळा बरोबर येतं. येत नाही तेव्हा बाजार चुकलेला असतो.

एकदा नाक्यावर एका मोटारवाल्यानं मला त्र्यंबकची वाट विचारली. मी सांगितली. तो पेठच्या घाटात जाऊन परत आला म्हणे. आता त्याला डोंगर बघायला मिळाला, त्याचं कुणी नाव घेत नाही. आमची म्हातारी मात्र अजून ते उगाळते. म्हणते, “ह्यांना यमानं वाट विचारली तर त्यालाबी शेजाऱ्याच्या घरी धाडतील.”

तर असा मी. आणि माझी नात वकिलीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला.

कॉलेजनं तिला सांगितलं, वकिलाच्या हाताखाली काम शिकून या. याला ते इंटर्नशिप म्हणतात. आमच्यात याला उमेदवारी म्हणतात, आणि ती सगळ्यांना करावी लागते. गवंड्याकडं राहिलेला पोरगा आधी नुसतं भिंतीवर पाणी मारतो, थापी त्याच्या हातात कोणी देत नाही. नातीला सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टासमोरच्या गल्लीत एका मोठ्या वकीलसाहेबांकडं जागा मिळाली. रोज सकाळी पांढरा ड्रेस घालून, डबा घेऊन स्कूटीवर निघायची. संध्याकाळी आली की मी ओट्यावर बसून विचारायचो, “काय शिकलीस आज?”

“झेरॉक्स काढली.”

दुसऱ्या दिवशी, “कोर्टात जाऊन तारीख विचारून आले.”

तिसऱ्या दिवशी, “कागदांना भोकं पाडून दोरा ओवला.”

मी म्हणालो, “दोराच ओवायचा होता तर हार काय कमी होते घरी? तीन वर्षं फी भरून परत सुई-दोऱ्यावरच आलीस व्हय?”

ती हसली नाही. म्हणाली, “आबा, तिथं आम्ही दोघं आहोत. मी आणि एक मुलगा. त्याचे वडील वकील आहेत, त्याला सगळं घरीच कळतं. साहेब म्हणालेत, दिवाळीनंतर दोघांतल्या एकालाच ठेवणार. कॉलेज संपेपर्यंत आणि पुढंही. आपल्या घरात आधी कोण वकील झालंय? मला तिथं राहिलंच पाहिजे.”

हे ती अशा सुरात म्हणाली की मी पुढचा टोमणा गिळला. गिळला म्हणजे दुसऱ्या दिवसासाठी ठेवला.

आता दाव्याचं सांगतो. आमच्या मळ्याला लागून एका बाईचा मळा आहे. नवरा वारल्यापासून ती एकटीच शेवंती करते. मला मामा म्हणते. तिच्या मळ्यातून डांबरी रस्त्याला निघायला नाल्याच्या कडेनं जुनी गाडीवाट. मधला तुकडा शहरातल्या एका माणसानं घेतला आणि वाटेवर आडवं तारेचं कुंपण ठोकलं. टेम्पो आत येईना. बाई फुलांचे क्रेट डोक्यावर घेऊन नाल्यातून चढायला लागली. नातीनंच तिला आपल्या वकीलसाहेबांकडं नेलं आणि दावा लागला.

त्या वाटेनं पूर्वी बैलगाड्या जायच्या हे सांगणारा म्हातारा साक्षीदार पाहिजे होता. जुने गाडीवान एकेक करून गेले. उरलो मी.

वकीलसाहेबांनी मला बोलावणं धाडलं. मी धुवट धोतर, काळी टोपी घालून गेलो. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला छतापर्यंत लाल पाठीची पुस्तकं, खाली फायलींचे ढीग, आणि त्या ढिगांच्या मधोमध वकीलसाहेब, मळ्यातल्या बुजगावण्यासारखे. माणूस चांगला. मला खुर्ची दिली, चहा मागवला. तो चहा नातच घेऊन आली. मला ते खपलं नाही, पण मी चहा प्यालो.

साहेब म्हणाले, “बाबा, तुमचं म्हणणं शपथपत्रावर आलंय. पण समोरचे वकील उलटतपास घेतील. उलटसुलट विचारतील. जरा बघू आपण. समजा मीच समोरचा वकील. वाट किती फूट रुंद आहे?”

“बारा.”

“मोजली होती?”

“मोजायला कशाला लागतं? डोळे हायेत की.”

“सरकारी नकाशात आठ निघाली तर?”

“नकाशा चुकला असंल.”

वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, “कुंपण घातलं त्या दिवशी वार कोणता होता?”

“बुधवार.”

“कशावरून?”

“असली कामं लोक बुधवारीच करतात.”

कोपऱ्यातला तो दुसरा मुलगा फायलीत तोंड खुपसून हसत होता. फाईल हलत होती, म्हणून मला कळलं.

साहेब नातीकडं वळले. “पोरी, तुझे आजोबा समोरच्या वकिलाला पाटावर बसवून जेवायला वाढतील. एक गोष्ट खोटी पडली की वाटेचं खरंही कुणी ऐकणार नाही. आता ऐक. काय सांगायचं ते त्यांना शिकवायचं नाही. तो गुन्हा आहे. जे माहीत नाही त्याला ‘माहीत नाही’ म्हणायला शिकव, एवढंच. हा साक्षीदार तुझा. हा टिकला तर तू टिकलीस.”

येताना मी स्कूटीवर तिच्यामागं बसलो होतो. एरवी ती अशोकस्तंभापासून घरापर्यंत बडबडते. त्या दिवशी एक शब्द नाही. घरी उतरल्यावर हेल्मेट पुसत म्हणाली, “आबा, तुम्ही साक्षीला नाही आलात तरी चालेल. मी साहेबांना सांगते, दुसरं कोणीतरी बघू.”

दुसरं कोणीतरी! त्या वाटेवर माझ्या बापानं गाडी हाकली, मी हाकली, आणि साक्षीला दुसरं कोणीतरी! मी म्हणालो, “शिकव. काय शिकवायचं ते शिकव. दोन शब्द तर हायेत.”

दोन शब्द. पण माणसानं जन्मभर गुळाचा चहा घेतला असेल आणि म्हातारपणी त्याला कडूनिंबाचा काढा दिला तर जसं होतं, तसं माझं व्हायला लागलं.

संध्याकाळी ओट्यावर शिकवणी बसायची. नात काळी ओढणी खांद्यावर टाकून समोर उभी राहायची, आणि म्हातारी वाटाणे सोलायचं निमित्त करून हटकून तिथं बसायची.

“वाट किती फूट रुंद आहे?”

“अंदाजे बारा...”

“आबा!”

“बरं. सांगता येईल, पण सांगत नाही.”

“असं कोर्टात चालत नाही.”

“माहीत आहे, पण आत्ता आठवत नाही.”

“आबा, ते खोटं आहे. तुम्ही कधी मोजलीच नाही.”

“मग काय म्हणू?”

“माहीत नाही.”

“तुलाबी माहीत नाही, तर मला काय विचारतीस?”

म्हातारीच्या हातातले वाटाणे सांडले. ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि नातीला शिकवणी सोडून पाणी आणायला पळावं लागलं.

नात कंटाळली नाही, एवढं खरं. तिनं मला समजावून सांगितलं, “आबा, ‘माहीत नाही’ म्हणजे तुम्ही अडाणी असं नाही. ते कुंपण आहे. त्याच्या आतलं तुमचं. बाहेरच्या गोष्टींत समोरचा वकील तुम्हाला ओढत नेणार. तुम्ही आतच थांबायचं.”

कुंपण म्हटल्यावर मला जरा पटलं. पण शब्द घशाशी यायचा आणि परत जायचा, चुकून दुसऱ्याच्या गोठ्यात शिरलेल्या म्हशीसारखा.

मग म्हातारीनं सूत्रं हातात घेतली. तिनं फर्मान काढलं, “माहीत नाही म्हणाल तरच चहा.”

सकाळी उठलो. “चहा?”

ती म्हणाली, “आधी सांगा, मेथीची भाजी कशी करत्यात?”

“त्यात काय! मेथी घ्यायची, कापायची, टाकायची तेलात.”

“निवडायची नाय? धुवायची नाय? लसूण कधी?”

“लसूण... लसूण शेवटी.”

“बसा बिनचहाचे.”

दुपारपर्यंत बसलो. दुपारी उन्हाची तिरीप आली, डोकं चढलं आणि मी भिंतीकडं तोंड करून म्हणालो, “माहीत नाही.” म्हातारीनं हात कानामागं धरला. “काय म्हणालात? मला म्हातारीला ऐकू येत नाय.” मी मोठ्यानं म्हणालो. तर ही बया दारात जाऊन बांधापलीकडच्या त्या शेवंतीवाल्या बाईला हाक मारते, “ए पोरी, लवकर ये गं! लग्नाला इतकी वर्सं झाली, आज पयल्यांदा बोलले!”

चहा मात्र आल्याचा दिला. खोटं कशाला बोलू.

हळूहळू जमायला लागलं. इतकं जमायला लागलं की उलटी पंचाईत झाली. माझा मुलगा अंबडच्या कारखान्यातून आला आणि म्हणाला, “आबा, मोटारीचा पाना कुठं ठेवलाय?” मी म्हणालो, “माहीत नाही.” तो माझ्याच मांडीखाली होता. नात म्हणाली, “आबा, माहीत असलेलं सांगायचं असतं.” मी म्हणालो, “एका वेळी एकच शिकव.”

तारीख आली. त्या तारखेला मी नवं धोतर नेसून गेलो, तर समोरच्या वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली. धोतर वाया गेलं. दुसऱ्या तारखेला जुनंच नेसलो, तर पुकारा झाला.

पिंजरा म्हणतात त्याला, पण नुसता लाकडी कठडा आहे. वर न्यायाधीश बसलेल्या, एक बाई, आमच्या सुनेच्या वयाच्या. शेजारी टंकलेखक. माणूस बोलला की न्यायाधीशबाई ते नीट शब्दांत सांगतात आणि तो कडकड टाइप करतो. आपलंच बोलणं इस्त्री करून परत मिळतं. आमचे साहेब पुढं, त्यांच्यामागच्या खुर्चीत नात. तिनं मला आधीच बजावलं होतं, माझ्याकडं बघायचं नाही, बघितलं की समोरचे म्हणतात पढवून आणलाय. म्हणून ती टेबलाकडं बघत होती आणि मी वरच्या पंख्याकडं. तिच्या हातातल्या पेनाचं टोपण मात्र उघड-मीट, उघड-मीट चाललं होतं. ते कानांनी दिसत होतं.

समोरचे वकील उठले. मला वाटलं होतं, हा डाफरेल. डाफरणाऱ्याला मी भीत नाही. पण तो मधात बोट बुडवून आला होता.

“आजोबा, पंचक्रोशीत तुम्हाला लोक फार मानतात म्हणे.”

“मानतात.”

“काहीही विचारायचं तर लोक तुमच्याकडं येतात.”

“येतात की.”

“या शिवाराची तुमच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नाही.”

छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंडीनं तक्रार केली. मी म्हणालो, “नाय.”

“मग तुम्हीच सांगा. ही वाट किती फूट रुंद आहे?”

बारा. जिभेच्या शेंड्यावर बारा येऊन बसला होता. अहो, एवढं कौतुक करून माणूस विचारतोय, सगळं कोर्ट ऐकतंय, आणि मी काय सांगू? टोपणाचा आवाज बंद झाला होता.

मी म्हणालो, “माहीत नाही.”

न्यायाधीशबाई सांगत्या झाल्या, “वाट किती फूट रुंद आहे हे मला माहीत नाही.” कडकड टाइप झालं. झालं, लागलं सरकारी कागदाला.

त्यानं विचारलं, गट नंबर काय? माहीत नाही. कुंपण कोणत्या वारी घातलं? आता मला अजूनही बुधवारच वाटतो, पण म्हणालो, माहीत नाही. जमिनीचा आधीचा व्यवहार कसा झाला? माहीत नाही. पहिल्यांदा जड गेलं, मग उतारावरच्या गाडीसारखं जायला लागलं.

वकिलाचा मध संपला. “आजोबा, तुम्हाला काहीच माहीत नाही, मग इथं आलात कशाला?”

“त्या वाटेनं बैलगाडी जात होती, ते माहीत आहे. मी हाकत होतो. नाल्याच्या वळणावर डावा बैल अडायचा. गाडीत झेंडू असायचा. कुंपण घालेपर्यंत तीच वाट होती, दुसरी नव्हती. एवढंच माहीत आहे.”

तेही टाइप झालं. डाव्या बैलासकट.

वकिलानं कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि सावकाश म्हणाला, “ती तिथं बसलेली मुलगी तुमची नात आहे.”

“आहे.”

“ती याच वकिलांच्या ऑफिसात शिकते.”

“शिकते.”

“आणि तिनं तुम्हाला शिकवून इथं आणलंय.”

हे ओट्यावर कधी विचारलं गेलं नव्हतं. आमच्या साहेबांची मान ताठ झाली. मी नियम मोडून नातीकडं बघितलं. तिचा चेहरा पांढऱ्या ड्रेसइतका पांढरा झाला होता.

मला सोपं होतं. ‘मला कोण शिकवणार?’ हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला म्हणतो. तोंडात तयारच असतं. भर कोर्टात, परक्या लोकांसमोर, काल झालेल्या पोरीनं बहात्तर वर्षांच्या माणसाला शिकवलं असं म्हणायचं, आणि ते परत टाइप व्हायचं! पण शपथ घेतली होती. आणि आता मला सवय लागली होती, माहीत असेल ते माहीत आहे म्हणायची.

मी म्हणालो, “शिकवलं.”

वकील जिंकल्यासारखा न्यायाधीशबाईंकडं वळला. “साक्षीदार कबूल करतोय की त्याला...”

“थांबा की. काय शिकवलं ते विचारा ना.”

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “काय शिकवलं?”

“जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणायचं. लय दिवस लागले, बाईसाहेब. घरात चहा बंद केला होता. आधी विचारलं असतंत तर मी ह्यांना वाटेची रुंदी सांगितली असती, गट नंबर सांगितला असता, वार तर आतासुद्धा सांगीन.”

टंकलेखक हसायला लागला. मागचे वकील हसले. न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाशी नेला, मग गंभीर होऊन टाइप करायला सांगितलं, “मला माझ्या नातीने, जे माहीत नाही ते माहीत नाही असे सांगण्यास शिकवले.” चहाचं गाळलं. समोरचा वकील फाईल मिटत म्हणाला, “आणखी प्रश्न नाहीत.”

“सही करता येते का, आजोबा?” बाईंनी विचारलं.

“येते,” मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाहेरचा पट्टेवाला आत डोकावला.

दाव्याचा निकाल त्या दिवशी लागला नाही. तो लागायचा तेव्हा लागेल, कधी ते... जाऊ द्या. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर वकीलसाहेब थांबले आणि नातीला म्हणाले, “झेरॉक्सला दुसरा कोणीतरी बघतो. तू उद्यापासून माझ्यामागं बसायचं. दिवाळीच्या आधीही आणि नंतरही.” तो दुसरा मुलगाही तिथं होता. चांगला पोरगा. त्यानं माझ्या पायांना हात लावला. मी त्याला आशीर्वाद दिला आणि वकिली कशी करावी यावर दोन शब्द सांगणार होतो, पण नातीनं माझा दंड धरला.

येताना स्कूटीवर ती अशोकस्तंभापासून घरापर्यंत बोलत होती. काय ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. मी मागून हां हां म्हणत होतो. घरी आल्यावर म्हातारीनं न विचारताच चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी झेंडूचे क्रेट घेऊन फुलबाजारात जाऊन बसलो. शेजारचा झेंडूवाला आला, क्रेट टेकवले, तंबाखू मळली आणि म्हणाला, “आबा, दसऱ्याला झेंडू चढंल का उतरंल?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

त्याचा तंबाखूचा हात तसाच राहिला. त्यानं माझं कपाळ चाचपलं. “आबा, ताप हाय का?” मग घाबरून म्हणाला, “म्हंजी उतरणार. तुम्हाला सांगवत नाय एवढा उतरणार!” आणि मिळेल त्या भावानं दसऱ्याचा माल आत्ताच कुणाला तरी विकून टाकतो म्हणत तो व्यापाऱ्याकडं पळत सुटला.

मी बसून राहायचा फार प्रयत्न केला. नातीची आठवण काढली, कुंपणाची काढली. पण हे काही कोर्ट नव्हतं आणि मी काही शपथ घेतली नव्हती. मी उठलो, धोतराचा सोगा वर खोचला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा त्याच्यामागं ओरडलो, “अरे थांब, येड्या! चढणार! दुप्पट चढणार!”